रिअ‍ॅक्ट नेटिव्ह अ‍ॅपमध्ये संदर्भ-मेनू जोडताना

यादीतील एखाद्या ओळीवर बोट दाबून धरल्यावर उघडणारा मेनू (संदर्भ-मेनू) जावास्क्रिप्टमध्ये स्वतः रेखाटण्यापेक्षा फोनच्या प्रणालीचाच वापरावा. आयओएसवर २०१९ मधील आयओएस १३ पासून यूआयमेनू उपलब्ध आहे, तर अँड्रॉइडवर पॉपअपमेनू आहे. या दोन्हींना एकाच घटकात गुंडाळणारी तयार पॅकेजेस मिळतात. ती वापरल्यास पूर्वदृश्य, कंपन आणि व्हॉइसओव्हरचा (पडदा वाचून दाखवणाऱ्या आयओएसच्या सुविधेचा) आधार यांसाठी वेगळे कष्ट फारसे पडत नाहीत.

खरी अडचण स्पर्शाच्या हाताळणीत येते. ओळ प्रेसेबलमध्ये (स्पर्श ओळखणाऱ्या घटकात) असेल आणि तिला ऑनलाँगप्रेसही (दाबून धरल्यावर चालणारा कोड) दिलेला असेल, तर तो ५०० मिलिसेकंदांनी स्वतंत्रपणे चालतो आणि मेनूशी त्याची टक्कर होते. म्हणून तो काढून टाकावा, आणि मेनू उघडल्यानंतर बोट उचलताच ऑनप्रेस (साध्या स्पर्शाचा कोड) चालून भलताच पडदा उघडत नाही ना, हे प्रत्यक्ष फोनवर तपासावे, कारण सिम्युलेटरवर माउसने केलेल्या चाचणीत हा दोष सहज निसटतो.

निवडलेली कृती ओळखण्यासाठी शीर्षक नव्हे, तर न बदलणारा आयडी वापरावा. अन्यथा भाषांतरात ‘डिलीट’चे ‘हटवा’ होताच तुलना फसते. एसएफ सिम्बॉल्सची (अ‍ॅपलच्या तयार चिन्हसंचाची) नावे अँड्रॉइडला कळत नाहीत, त्यामुळे तिथे वेगळी चिन्हे द्यावी लागतात. हटवण्यासारख्या कृतीला डिस्ट्रक्टिव्ह हा गुणधर्म द्यावा, म्हणजे आयओएस ती लाल दाखवते. मेनूतील प्रत्येक कृती अ‍ॅपमध्ये अन्यत्रही उपलब्ध असावी, कारण दाबून धरण्याची खूण पडद्यावर कुठेच दिसत नाही.