कमी बजेटमध्ये पहिला रीफ टँक: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

रीफ टँक म्हणजे प्रवाळ (कोरल) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. सॉल्टवॉटर टँक म्हटलं की दुकानदार लगेच चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), सम्प (टाकीखालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), इम्पोर्टेड लाइट अशी यादी काढतो आणि आकडा लाखाच्या घरात जातो. एवढं काही लागत नाही. दोन फुटी टाकी, सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ) आणि दोन क्लाउनफिश एवढंच ध्येय ठेवलं तर माझ्या हिशोबाने ३०-४० हजारात काम होतं. पण एक ठरवून टाका, काचेवर वाचवा, स्टँडवर वाचवा, सेकंडहँड लाइट घ्या, पाण्यावर मात्र वाचवायचं नाही.

टाकी २ x १.५ x १.५ फुटाची घ्या, १२७ लिटर होतात, दगड-वाळू टाकल्यावर प्रत्यक्ष पाणी शंभर-एक लिटरच राहतं. याहून छोटी टाकी स्वस्त वाटते पण त्यात काही बिघडलं की सावरायला वेळच मिळत नाही. जवळच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून ८ एमएम काचेची बनवून घ्या. भरल्यावर वजन दीडशे किलोच्या वर जातं त्यामुळे जुना टीव्ही युनिट किंवा कॉम्प्युटर टेबल चालणार नाही, फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या. खिडकीतलं थेट ऊन पडेल तिथे ठेवू नका.

आता पाणी. चौपाटीवरून कॅन भरून आणलं तर चालेल का, असं हमखास विचारतात. नाही. किनाऱ्याजवळ नाल्याचं पाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. घरातलं मीठही नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं ठरावीक प्रमाणात असतं. मरीन सॉल्टच घ्यायचं, आणि तेही नळाच्या पाण्यात न घालता आरओ-डीआयच्या पाण्यात, म्हणजे आरओ फिल्टर आणि मग उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन यातून काढलेल्या जवळपास शुद्ध पाण्यात. किचनमधल्या प्युरिफायरमध्ये बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते बायपास करून पुढे डीआय रेझिनची नळी जोडली तर वेगळं युनिट घ्यायची गरज नाही. स्वस्तातला टीडीएस मीटर घ्या, रीडिंग ० ते ५ मध्ये आलं पाहिजे. इथे हयगय केली की पुढे वर्षभर शेवाळं खरवडत बसावं लागतं.

मिसळताना २० लिटरची बादली, त्यात छोटा पंप सोडायचा, पंप चालू असतानाच साधारण ७०० ते ७५० ग्रॅम सॉल्ट थोडं थोडं करून टाकायचं, आधी पाणी दुधासारखं पांढरट होतं, मग हळूहळू निवळतं, तरी घाई न करता रात्रभर फिरू द्या. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारेपणा मोजायची छोटी दुर्बिणीसारखी नळी) काचेवर दोन थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरून बघा, निळा-पांढरा रंग जिथे मिळतो तिथे १.०२६ (पाण्याची सापेक्ष घनता) किंवा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) दिसलं पाहिजे. तरंगणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो पण भरवशाचा नाही, रिफ्रॅक्टोमीटरला दीड-दोन हजार घालवाच आणि तोही अधूनमधून ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडने तपासा.

दगड ड्राय रॉकच (जिवंत काही नसलेला, कोरडा सच्छिद्र दगड) घ्या, ८-१० किलो पुरतो, खाली इंचभर अरागोनाइट (कॅल्शियमयुक्त) वाळू. दगड आधी काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू घाला, नाहीतर वाळू उकरणारा एखादा प्राणी आणलात की अख्खा ढीग कोसळतो. इथे कायद्याचंही बघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रीफ बांधणारे सगळे कडक प्रवाळ, सी फॅन आणि समुद्री घोडे अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलं आणि आठवण म्हणून तुकडा खिशात घातला, हा सरळ गुन्हा आहे. दुकानातही काही घेताना कुठून आलं ते विचारा आणि बिल घ्या.

यंत्रांमध्ये मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर, एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप), थर्मामीटर आणि निळा-पांढरा रीफ एलईडी, बस. पाणी तासाला १५-२० पट फिरलं पाहिजे, म्हणजे या टाकीला तासाला दीड-दोन हजार लिटरचा वेव्हमेकर. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली एक झोल द्या, पाणी वायरीवरून घरंगळलं तरी खाली टपकेल, बोर्डात जाणार नाही.

आता सायकल, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया आधी टाकीत वाढू देणं, इथेच लोकांचा धीर सुटतो. दगड, वाळू, खारं पाणी झालं की बाटलीतले बॅक्टेरिया आणि अमोनियाचा सोर्स टाकून २ पीपीएमपर्यंत न्यायचं आणि लाइट बंद ठेवून वाट बघायची. अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतं, उतरतं, शेवटी नायट्रेट उरतं. चार ते सहा आठवडे धरून चला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा नाही म्हणजे नाही, दुकानदार कितीही म्हणाला की डॅमसेल (एक चिवट छोटा मासा) टाका, काही होत नाही. डॅमसेल जगतो हो, पण नंतर आणलेल्या प्रत्येक माशाला झोडपतो. लाइट लावल्यावर वाळूवर तपकिरी थर येईल, ते डायटम (सूक्ष्म शेवाळ), घाबरायचं नाही, आपोआप जातात. शेवाळं खायला पाच-सहा गोगलगायी सोडा.

मग क्लाउनफिशची जोडी, तीही हॅचरीत वाढलेली मागा. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे क्लाउनफिशचं ब्रीडिंग कधीच बसवलंय त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारणच नाही. त्यांना अ‍ॅनिमोन लागतोच असंही नाही. मुलं निळी डोरी (ब्लू टँग मासा) मागतील, नाही म्हणा, ती फूटभर वाढते. नवीन मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या प्लास्टिक टबमध्ये ठेवा. कॉपरवाली औषधं टबातच वापरा, मुख्य टाकीत गेली तर गोगलगायी आणि कोरल संपले.

कोरल अजून महिन्याभराने. मशरूम, झोआ (झोअँथिड), ग्रीन स्टार पॉलिप, लेदर, हे सोपे सॉफ्ट कोरल, एवढ्यात टाकी सुंदर दिसते. दुकानापेक्षा दुसऱ्या हौशी लोकांकडून फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) घ्या, एकाकडे ग्रीन स्टार पॉलिप इतका माजलेला असतो की तो फुकट देतो. तोच तुमच्याकडेही माजेल, म्हणून त्याला वाळूवर एकट्या दगडावर बसवा. झोआ हाताळताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा घाला, आणि झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं आणि त्याची वाफ माणसाला हॉस्पिटलात पोचवते. टाकीचा लाइट रोज चार तासांपासून सुरू करून हळूहळू आठवर न्या.

राहिला उन्हाळा. २५-२६ डिग्री आदर्श, पण २७ ला स्थिर राहिलं तरी चालतं, दिवसा ३१ आणि रात्री २६ हे जास्त वाईट. पाण्यावर तिरका क्लिप फॅन लावला की दोन-तीन डिग्री उतरतात, पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत छान, मुंबईच्या दमट हवेत कमी. मुंबईत मे महिन्यात ती खोली एसीची असली तर बरं. पुण्यात डिसेंबरला उलट हीटर लागेल. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या, मासे आधी ऑक्सिजनवाचून जातात.

फॅनमुळे पाणी भराभर उडतं, पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलाला, १० लिटर काढा, १० घाला. सॉफ्ट कोरलला कॅल्शियम वगैरे वेगळं ओतत बसायची गरज पडत नाही, बदलातूनच भागतं. काचेवर टेपची एक पट्टी चिकटवा, पातळी तिच्याखाली गेली की भरायचं. गावाला जाताना शेजाऱ्यांनाही एवढंच सांगून जा, आणि खाद्याचा डबा त्यांच्या हातात देऊ नका, एक दिवसाआडच्या छोट्या पुड्या बांधून ठेवा.