थ्रेडलॉकर आणि टॉर्क: आवळण्याआधी आटे पुसा

सिंगल सिलिंडर इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होतात, पण म्हणून पान्यावर लोंबकळून ते आवळू नका. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे असेच जातात आणि मग खर्च मोठा बसतो.

थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव, लावताना खरं काम साफसफाईचं. जुना वाळलेला थर वायर ब्रशने काढा, बोल्ट आणि भोक दोन्हींतलं तेल ब्रेक क्लीनरने घालवा. नंतर निळ्या, म्हणजे मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचे एक-दोन थेंब पुरतात. हा द्रव हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतो. बाटली अर्धी रिकामी असते तीही याचसाठी, आतल्या हवेनेच तो पातळ राहतो. लाल प्रकार सहसा टाळा, तो सोडवायला बोल्ट चांगलाच तापवावा लागतो.

टॉर्कचा, म्हणजे बोल्ट आवळताना द्यायच्या पिळाच्या जोराचा, आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. थ्रेडलॉकरने ओल्या झालेल्या आट्यांत घर्षण कमी होतं, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या टॉर्कने बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून जिथे मॅन्युअल सांगतं तिथेच थ्रेडलॉकर लावा. कव्हरचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की आवाज करणारा पाना, एकदा 'टक' वाजला की थांबा. थ्रेडलॉकर पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास लागतात, तोवर गाडी उभीच ठेवा.