शिबिरात पाण्याचं रॉकेट उडवताय? या चुका टाळा

उन्हाळी शिबिराच्या वेळापत्रकात ‘रॉकेट उडवणे : 1 तास’ एवढंच लिहिलेलं दिसलं की पुढचं चित्र डोळ्यांसमोर येतं. चाळीस मुलं, थोडं पाणी भरलेली बाटली उलटी बसवून सोडायचा एक लाँचर, तिच्यात हवा दाबून भरायचा एक पंप आणि घामाघूम होऊन तो पंप मारणारे सर. पाणी भरण्यापासून पडलेलं रॉकेट उचलून आणेपर्यंत एका उड्डाणाला तीन-चार मिनिटं सहज जातात. म्हणजे शेवटच्या मुलाचा नंबर दोन तासांनी. तोवर पहिली दहा जणं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला क्रिकेट मांडून बसलेली असतात.

प्रत्येक रॉकेट एकदाच उडणार असं धरून आखणी करणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या उड्डाणाला मुलं नुसती ओरडतात, आणि ओरडू द्यावं. पण ‘आपलंच का वाकडं गेलं?’ असं विचारून कुणी पंख सरळ करून पुन्हा रांगेत येतं, तेव्हा खरं काम सुरू होतं. त्यासाठी चार-चार जणांचे दहा गट करा, लाँचर दोन ठेवा आणि प्रत्येक गटाला किमान दोन उड्डाणं द्या. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आटपतं. दुसऱ्या उड्डाणाला एकच गोष्ट बदलायची: पाणी, पंख किंवा नाकावरचं वजन. तिन्ही एकदम बदलली तर फरक कशामुळे पडला ते कुणालाच सांगता येत नाही. बांधणी आदल्या दिवशी उरकून घ्या. आणि भाषण तासभर नको. केरळमधल्या थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 रोजी भारताच्या अंतराळ कार्यक्रमातलं पहिलं रॉकेट उडालं, तिथे रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचा फोटो आहे, हे सगळं रांगेत उभ्या मुलांना सांगता येतं. हातात सायकलचा पंप असताना ते जास्त पटतंही.

दारूच्या वाटेला जाऊ नका

दिवाळीतले बाण फोडून त्यातली दारू भरायची कल्पना दर वर्षी कुणीतरी मांडतंच. नाही म्हणजे नाही. शिबिरासाठी हवा आणि पाणी पुरेसं आहे.

बाटली कुठलीही चालत नाही

साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाबासाठी बनवलेली नसते. सोडा-कोल्ड्रिंकचीच घ्या, तळाला पाच फुगीर पाय असतात ती. चरे पडलेली, चेपलेली बाटली बाजूला काढा. पंख ग्लू गनने चिकटवू नका, उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडतं आणि दाब वाढला की नेमकं तिथेच दगा देतं. चिकटपट्टी बरी, पण बाटली आधी कोरडी पुसलेली हवी. पंखांना पुठ्ठा वापरलात तर पहिल्याच उड्डाणात भिजून लोळागोळा होतो. जुन्या प्लॅस्टिक फायलींची पुठ्ठी किंवा सनबोर्ड टिकतो.

आणि एक गंमत प्रत्येक शिबिरात दिसते. बाटली उलटी उडते, तोंड खाली असतं, हे सांगूनही दोन-तीन गट टोपी बूच लागणाऱ्या तोंडावरच बसवतात. काहींचे पंख इतके खाली येतात की बाटली लाँचरवर बसतच नाही. म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक गटाने बाटली एकदा लाँचरवर बसवून पाहावी.

गोल गोल फिरून आपटतंय

रिकाम्या रॉकेटला ते आडवं तोलून राहील त्या जागी दोरा बांधा, गाठीवर चिकटपट्टी लावा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडेल. आडवं किंवा शेपटीकडून फिरत राहिलं तर नाकात थोडी शाडू माती भरा, नाहीतर पंख मागे सरकवून मोठे करा. ही चाचणी मुलांनाच करू द्या, मोकळ्या जागेत. पॅराशूटचा नाद मात्र पहिल्या दिवशी सोडा. त्याऐवजी नाकाला फोमचा मऊ तुकडा लावा.

पाणी जास्त, उंची कमी

बाटली काठोकाठ भरली की जास्त जोर येईल असं मुलांना वाटतं. जोर असतो दाबलेल्या हवेत. तिला जागाच उरली नाही तर पाणी नुसतं ओघळतं. सव्वा लिटरच्या बाटलीत 300 ते 400 मिली पुरे. दाब दाखवणारा काटा नसलेला पंप घेऊ नका. शिबिरात 40 पीएसआयच्या वर जायचं कारण नाही.

रबरी बूच सैल असलं की वेळेआधी सुटतं, घट्ट बसलं की दाब वाढतच जातो. त्यापेक्षा दोरी ओढून सुटणारा लाँचर बरा. पंपाची नळी लांब हवी आणि पंप मारणाऱ्याला गॉगल हवाच. नळीत हवा सोडायचा वॉल्व आधीच बसवून घ्या, कारण रॉकेट अडकलं तर भरलेल्या बाटलीजवळ कुणीही जायचं नाही, लांबूनच हवा सोडायची. बघणारी मुलं दहा-पंधरा मीटर मागे, आणि खाली येणारं रॉकेट झेलायचं नाही.

वेळ सकाळची ठेवा. मे महिन्यात दुपारनंतर वारा वाढतो, आणि पंख असलेलं रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं.

‘खूऽऽप वर गेलं’

उंची मोजायचं साधन कंपासपेटीत असतं. कोनमापकाच्या मध्याला दोरा, दोऱ्याला नट. लाँचरपासून 30 मीटरवर उभं राहून कोन 45 अंश आला तर रॉकेट मुलाच्या डोळ्यांच्या पातळीपासून 30 मीटर वर गेलं. बाकीचे कोन आलेखाच्या कागदावर मापात आखून काढता येतात, त्याला त्रिकोणमिती लागत नाही.

निरोपाच्या दिवशी रॉकेट घरी द्या, लाँचर नको. सोबत पालकांना चार ओळींची चिठ्ठी द्या: गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हवा भरू नये, आणि बाटली बरेच वेळा उडालेली असल्याने पुन्हा उडवायचं झालं तर नवी घ्यावी.