ईसीजी काढताना उजव्या पायाची वायरही तपासा

छातीवरचे सहा इलेक्ट्रोड बरगड्या मोजून लावले, की काम झालं असं वाटतं. पण व्ही १ ते व्ही ६, म्हणजे या सहा इलेक्ट्रोडचे आलेख (छातीचे लीड), मोजले जातात ते एका संदर्भाच्या तुलनेत: दोन्ही हात आणि डावा पाय यांच्या विद्युतदाबाची सरासरी. अमेरिकी हृदयतज्ज्ञ विल्सन यांची १९३४ मधली ही युक्ती आजही चालते. ही सरासरी शून्य धरतात, पण ती अगदी शून्य नसते. हातापायाचे इलेक्ट्रोड खांद्यावर, पोटावर सरकवले तर आलेख बदलतो. थरथरणाऱ्या पेशंटला तसं करावंच लागलं, तर तसं कागदावर लिहा, नाहीतर जुन्या ईसीजीशी तुलना फसते.

उजवा पाय या सरासरीत नसतो. त्याचं काम फक्त गोंगाट कमी करण्याचं. म्हणूनच त्याची वायर उजव्या हाताच्या वायरशी बदलली गेली, की घोटाळा होतो: लीड २ (उजवा हात आणि डावा पाय यांच्यातला फरक) जवळजवळ सपाट येतो आणि संदर्भ बिघडल्याने छातीचे लीडही थोडे हलतात. दोन हातांच्या वायरी उलट लागल्या, तर लीड १ (दोन हातांमधला फरक) उलटा दिसतो, पण सरासरी तीच राहते, त्यामुळे छातीचे लीड ठीक असतात. हृदय खरंच उजवीकडे असेल तरी लीड १ उलटा येतो, पण मग छातीचे लीडही बिघडलेले दिसतील.

रंगावर मात्र विसंबू नका. एका पद्धतीत लाल वायर उजव्या हाताची, तर अमेरिकी पद्धतीत तीच डाव्या पायाची. वायरवरची अक्षरं वाचा.