परदेशी पाहुणे लग्नाला येणार असतील तर

मुलीच्या ऑफिसातले जर्मन सहकारी लग्नाला येतो म्हणाले, की घरात पहिली चर्चा होते ती त्यांना तिखट चालेल का याची. तिखटाचं नंतर बघता येईल. आधी ते उतरणार कुठे ते ठरवा.

परदेशी नागरिकाला मुक्कामाला ठेवणाऱ्याने, मग ते हॉटेल असो की घर, पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा ‘फॉर्म ३’ (२०२५ पर्यंत याचं नाव ‘फॉर्म सी’ होतं) ऑनलाइन भरायचा असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. मोठ्या हॉटेलांना याची सवय असते. मंगल कार्यालयाच्या वरच्या खोल्या किंवा तालुक्याच्या गावातली लॉज यांच्याकडे ही सोय बऱ्याचदा नसते, मग रात्री अकराला पासपोर्ट बघून मॅनेजर खोली नाकारतो. खोल्या ठरवतानाच फोनवर विचारा, ‘पाहुणे परदेशी आहेत, फॉर्म ३, म्हणजे जुना फॉर्म सी, भरता ना?’ घरी उतरवणार असाल तर ही जबाबदारी तुमच्यावर येते. फॉर्म भरायच्या संकेतस्थळावर खातं आधीच उघडून ठेवा; ग्रहमख आणि हळदीच्या गडबडीत ते हमखास राहतं.

लग्नाला येण्यासाठी ई-टुरिस्ट व्हिसा चालतो, कारण मित्र-नातेवाइकांची भेट त्यात बसते. अर्ज निदान चार दिवस आधी करावा लागतो, पण पाहुण्यांना तीन-चार आठवडे आधीच करायला सांगा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स भरमसाट पैसे घेतात, त्यामुळे बरोबर पत्ता तुम्हीच पाठवलेला बरा.

पत्रिकेसोबत इंग्रजीत एक पान द्या. त्यात प्रत्येक कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, तो खरोखर किती वाजता सुरू होईल आणि काय घालायचं एवढं पुरे. ‘खरोखर’ महत्त्वाचं, कारण आपल्याकडे दोन घड्याळं चालतात. सीमांतपूजन सातचं म्हणून आठला सुरू झालं तरी कुणी काही म्हणत नाही, पण १२ वाजून १७ मिनिटांचा मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांनाच धरतात. आदल्या संध्याकाळच्या अनुभवावरून पाहुणे दुपारी निवांत येतात आणि नेमकं लग्न चुकतं. त्यांना मुहूर्ताच्या पाऊण तास आधी कार्यालयात आणा.

कपड्यांची खरी अडचण मापांची असते. साडी विकत मिळेल, पण ब्लाउज शिवायला शिंप्याला आठवडा लागतो. लग्नसराईत तो त्याहून जास्त मागेल. मापं आधी मागवा किंवा ताणलं जाणारं तयार ब्लाउज घ्या. साडीच्या निऱ्या परकराच्या नाडीवर टिकतात, म्हणून नाडी घट्ट बांधा आणि पदराला, निऱ्यांना मिळून सहा-सात पिना लावा. नऊवारीची हौस असेल तर शिवलेली घ्या, मात्र उंच बाईला ती घोट्याच्या वर जाते, तेव्हा कंबर ते घोटा माप कळवा. पुरुषांना सुती झब्बा-पायजमा. मे महिन्यात जॅकेटचा आग्रह नको. फेटा आठ-नऊ मीटर कापडाचा असतो, घट्ट बसला तर तासाभरात डोकं ठणकतं. तो मुहूर्ताआधी अर्धा तासच बांधा. काळा रंग टाळायला सांगा. लेसचे बूट नकोत, दिवसभरात ते अनेकदा काढावे लागतात. नव्या कोल्हापुरी चपलाही त्या दिवशी नकोत, चावतात. हळदीला टाकाऊ कपडे घालायला सांगा. डाग पडलाच तर लगेच साबण लावू नका, हळद लाल होते आणि पाहुणे घाबरतात. कपडा धुऊन उन्हात वाळवला की डाग बराच फिका पडतो.

आता मुख्य भाग. पाहुण्यांच्या दिमतीला एक माणूस नेमा. इंग्रजी येणारी चुलतबहीण, मावसभाऊ, कुणीही, पण ज्याच्याकडे दुसरं काम नाही असा. यजमान हे करू शकत नाहीत, नवरीच्या आई-बापाला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. या माणसाने त्यांना पुढच्या दोन-तीन रांगांत बसवावं. मागून अक्षता जोरात फेकल्या जातात आणि मधल्या लोकांच्या डोळ्यांत जातात. अक्षता हातात पडल्यावर त्या खायच्या नाहीत, हे खरंच सांगावं लागतं. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ ऐकू आलं की उजव्या हाताने चिमूटभर टाकायच्या; नवखा माणूस पहिल्याच सावधानला मूठ रिकामी करतो. आत्या-काकूंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं गायला घेतली तर काम लांबतं, तेव्हा थोड्या राखून ठेवा.

अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, वाजंत्री वाजली की निम्मा हॉल उठून जेवायला जातो. इथे पाहुणे गोंधळतात. त्यांना वाटतं लग्न संपलं, आणि ज्या सप्तपदीबद्दल वाचून ते आलेले असतात ती तर पुढे व्हायची असते. गुरुजींना आधीच विचारा की लाजाहोम आणि सप्तपदी साधारण किती वाजता. मधे वेळ असेल तर पहिल्या पंगतीला जेवून परत यायचं. होमाजवळ बसणार असतील तर चपला काढून. मांडी घालता येत नसेल तर बाजूला खुर्ची ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. लाह्या घालताना नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, ते भांडण नसून मानाची वसुली आहे, हे आधी सांगितलेलं बरं. बूट पळवण्याचंही तेच. रुखवताच्या टेबलावरचे लाडू खायला ठेवलेले नाहीत, हेही.

जेवण. तिखटापेक्षा शेंगदाणे धोक्याचे. कोशिंबिरीत कूट, अळूच्या भाजीत दाणे, मसालेभातात काजू. त्यामुळे ॲलर्जी आहे का ते आधी विचारून आचाऱ्याला सांगा, वाढप्याला नाही, त्याला पदार्थात काय आहे ते ठाऊक नसतं. तेल शेंगदाण्याचं आहे का तेही विचारा. गहू न चालणाऱ्यांसाठी हिंगही बघावा लागतो, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात कणीक किंवा मैदा असतो. दूधदुभतं न खाणाऱ्यांसाठी वरणभातावर तूप वाढू नये असं आधीच सांगा. मठ्ठा चविष्ट, पण त्यातलं पाणी आणि बर्फ कुठला हे माहीत नसेल तर टाळलेला बरा. प्यायला सीलबंद बाटली.

पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, उजव्या हाताने जेवायचं. आपला आग्रह त्यांना कळत नाही. ‘नको’ म्हटल्यावरही जिलबी पडते आणि पानात टाकायला संकोच वाटतो. दोन्ही हात पानावर आडवे धरायला शिकवा, हा एकच उपाय चालतो. तोही कधी कधीच.

पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असेल तर तसं स्पष्ट सांगा. द्यायचाच असेल तर पाकिटात रुपये, आणि आकड्यावर एक: ५०१, ११०१. परकी नोटांपेक्षा त्यांच्या देशातली एखादी वस्तू बरी. दारूची बाटली मात्र स्टेजवर नको.

एक विनंती यजमानांना. माइकवरून ‘खास परदेशातून आलेले पाहुणे’ अशी घोषणा, वरातीत पुढे ओढून नाचायला लावणं, प्रत्येक नातेवाइकासोबत फोटो, हे सगळं दहा मिनिटं गमतीचं असतं. दिमतीच्या माणसाने त्यांना मधेच जरा बाहेर नेऊन पंख्याखाली बसवावं.

परतीची गाडी ठरवून ड्रायव्हरचा नंबर दुपारीच त्यांच्या फोनवर पाठवा. पाठवणीला सगळं घर रडत असताना ‘माझी गाडी कुठे उभी आहे’ असं विचारायला त्यांची जीभ रेटत नाही.