पेशीच्या धड्यात या चुका टाळा: व्याख्या पाठ, मोजणीत घोळ

पेशीवरच्या प्रश्नांत व्याख्या सहसा चुकत नाहीत. परासरण (पटलातून पाण्याचं सरकणं) म्हणजे काय, सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) अवस्था किती, हे सगळं तोंडपाठ असतं. गाडी अडते ती तुलना करायला किंवा आकडा काढायला सांगितलं की. नेमकं काय मोजायचं हे ठरायच्या आधीच पेन चालायला लागतं.

पाणी कुणीकडे जाणार?

‘जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे’ हे वाक्य विसरणासाठी घोकलेलं असतं, आणि तेच परासरणाला चिकटवलं जातं. मग लाल रक्तपेशी 3 टक्के मिठाच्या द्रावणात टाकली की उत्तर येतं: बाहेर प्रमाण जास्त, म्हणून पाणी आत जाईल आणि पेशी फुगेल. नेमकं उलटं! प्रमाण पाहिलंत मिठाचं, पण सरकतंय पाणी. बाहेर मीठ जास्त म्हणजे मोकळं पाणी कमी. त्यामुळे पाणी आतून बाहेर जातं आणि पेशी आकसते. 0.9 टक्के द्रावणात तिचा आकार टिकतो, पण तिथेही ‘पाणी हलत नाही’ असं लिहू नका. ये-जा चालूच असते, फक्त दोन्ही बाजूंनी सारखी. शुद्ध पाण्यात फुटते ती प्राणिपेशी. वनस्पतिपेशी भित्तिकेमुळे ताठ होते, फुटत नाही.

याच भागातली दुसरी सवय म्हणजे प्रथिन दिसलं रे दिसलं की ‘सक्रिय वहन’ (ऊर्जा खर्चून केलेली ने-आण) लिहून मोकळं व्हायचं. लाल रक्तपेशीत ग्लुकोज वाहक प्रथिनातूनच शिरतं, पण जास्तीकडून कमीकडे, म्हणून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) लागत नाही. सोडियम-पोटॅशियम पंप मात्र एक एटीपी खर्चून 3 सोडियम आयन बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आयन आत घेतो, तेही दोन्ही कमीकडून जास्तीकडे.

एटीपी किती: तयार झालेले की हाती उरलेले?

ग्लायकोलिसिसमध्ये (ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्यात) 4 एटीपी तयार होतात, पण सुरुवातीला 2 खर्च झालेले असतात. निव्वळ 2 उरतात. प्रश्नात ‘निव्वळ’ शब्द आहे का, ते आधी पाहा. लॅक्टिक आम्ल बनण्याच्या पायरीवर एकही एटीपी मिळत नाही. ती पायरी एनएडी (ग्लायकोलिसिसला लागणारा सहायक रेणू) मोकळा करून ग्लायकोलिसिस चालू ठेवते, एवढंच. ऑक्सिजन वापरून पूर्ण श्वसन झालं तर एका ग्लुकोजपासून 38 एटीपी हा आकडा जुन्या पुस्तकांतला. आता साधारण 30 ते 32 मानतात, पण परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकातला आकडाच लिहा, उगाच वाद नको. आणि हो, वनस्पती दिवसाही श्वसन करतात.

कोडॉनचा तक्ता चुकीच्या साखळीने वाचणं

कोडॉन म्हणजे एका अमिनो आम्लाची खूण असलेली एमआरएनएवरची तीन अक्षरं. डीएनएच्या साचा साखळीवर (जिच्यावरून एमआरएनए बनतो) टीएसी असेल तर एमआरएनएवर एयूजी येतं, आणि अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएवरचा प्रतिकोडॉन (कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं) यूएसी. घाईत यूएसी तक्त्यात शोधलं तर टायरोसिन मिळतं. हवं होतं मेथिओनिन. तक्ता नेहमी एमआरएनएचा असतो. दिलेली साखळी साचा नसून दुसरी असेल, तर जोड्या लावत बसू नका, नुसता टीच्या जागी यू लिहा. 64 कोडॉनपैकी 61 अमिनो आम्लांचे आणि 3 थांब्याचे, त्यामुळे थांबा आला की पुढचं कितीही आकर्षक दिसलं तरी वाचायचं नाही.

गुणसूत्रं मोजताना

सर्वांत जास्त गुण इथे जातात. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं. विभाजनाआधी डीएनए दुप्पट झाला म्हणून बहुतेक जण लगेच 92 लिहितात. पण गुणसूत्रबिंदू (दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात ती जागा) अजून 46च असतात, म्हणून गुणसूत्रंही 46च. डीएनएचे रेणू मात्र 92. पश्चावस्थेत (प्रती वेगळ्या होतात त्या अवस्थेत) गुणसूत्रबिंदू दुभंगले की तेवढ्यापुरती गुणसूत्रं खरोखर 92 होतात, आणि पेशी विभागल्यावर प्रत्येकीत पुन्हा 46. चित्रात रेघा मोजू नका, गुणसूत्रबिंदू मोजा.

अर्धसूत्री विभाजनात (दोन फेऱ्यांत गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात) पहिल्या फेरीच्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगतच नाहीत, अख्खी गुणसूत्रं वेगळी होतात. म्हणून त्या फेरीअखेर पेशीत 23 गुणसूत्रं असली तरी प्रत्येक अजून दुहेरी असतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये डीएनए पुन्हा दुप्पट होत नाही. हे एक वाक्य विसरलं की पुढचा सगळा हिशेब कोलमडतो.

प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर एकही गुणसूत्र दिसत नसेल, तर आधी पेशींचा आकार पाहा. लांबोळ्या दिसल्या तर तुकडा वरचा घेतलाय. टोकाचे एक-दोन मिलिमीटरच हवेत, तिथल्या पेशी लहान आणि चौकोनी असतात. पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर आम्लात मऊ करणं कमी पडलं किंवा कव्हरस्लिप नीट दाबली नाही. दाबताना सरळ खाली दाबा, आडवी सरकवू नका. तुकडा बरोबर असूनही बहुतेक पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसणार, कारण त्या विभाजनाच्या मधल्या काळातल्या असतात. कमी वर्धनावर सगळी स्लाइड फिरवा, रंग गडद घेतलेली मध्यावस्था (गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेली पेशी) सापडली की मगच वर्धन वाढवा आणि कांद्याची 16 गुणसूत्रं मोजा.