जुनं ॲपलेट डेस्कटॉपवर आणताना

स्पायरोग्राफची नक्षी काढणारं माझं जुनं जावा ॲपलेट (वेब पानात चालणारा छोटा प्रोग्राम) मला पुन्हा चालवायचं होतं. ब्राउझरांनी ते चालवणारं प्लगिन कधीच बंद केलं आणि जावा ९ पासून ॲपलेटचा वर्गही कालबाह्य ठरला आहे.

वरवरचे बदल पटकन झाले. ‘ॲपलेट’ऐवजी ‘जेपॅनल’ (जावाच्या स्विंग लायब्ररीतला चित्राचा फलक) घेतलं, चित्र काढणाऱ्या ‘पेंट’मधला कोड ‘पेंटकॉम्पोनंट’मध्ये हलवला (पहिल्या ओळीत सुपरची, म्हणजे मूळ वर्गाच्या त्याच मेथडची, हाक हवीच, नाहीतर आधीचं चित्र पुसलं जात नाही) आणि ‘मेन’मध्ये ‘जेफ्रेम’ ही खिडकी उघडली. एचटीएमएलमधून येणारे पॅरामीटर आता कमांड लाइनवरून येतात.

खरा वेळ खाल्ला तो ‘इनिट’ने, म्हणजे ॲपलेट सुरू होताना चालणाऱ्या मेथडने. त्यातला कोड मी जसाच्या तसा कन्स्ट्रक्टरमध्ये (पॅनल तयार होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये) टाकला आणि प्रोग्राम नल पॉइंटरवर, म्हणजे नसलेली वस्तू वापरायला जाऊन, कोसळला. ॲपलेटला रुंदी-उंची पानावरून आधीच मिळायची. पॅनल पडद्यावर येईपर्यंत मात्र ‘गेटविड्थ’ शून्य देतं आणि ‘क्रिएटइमेज’ नल. मग ४०० बाय ४०० हा प्रेफर्ड साइझ दिला, ‘पॅक’ करून खिडकी त्या मापाला बसवली, आणि ‘क्रिएटइमेज’ने बनणारी बफरची प्रतिमा (चित्र आधी पडद्याआड काढण्यासाठीची) काढूनच टाकली, कारण स्विंग डबल बफरिंग स्वतःच करतं. मोजमाप आता चित्र काढतानाच घेतो. खिडकी ओढून मोठी केली की नक्षीही तिच्याबरोबर पसरते, जे ॲपलेटमध्ये कधीच होत नव्हतं!